चला, तंजावरला जाऊन येऊ!

सहल म्हटली की आपल्याकडे ठरलेली नावं निघतात. माथेरान, महाबळेश्वर, शिर्डी, अष्टविनायक. गाठीला चार पैसे जास्त असले तर म्हैसूर-उटी. दक्षिणेत देवदर्शनाला निघालेली मंडळीसुद्धा तिरुपती, रामेश्वर, कन्याकुमारी करून येतात आणि तंजावर मात्र वाटेवर राहून जातं. "तिथं काय आहे? एक मोठं देऊळ!" असं म्हणून यादीतून नाव खोडलं जातं.

आमच्या भिशीतल्या पाचजणींनी ते नाव खोडू दिलं नाही, याचं श्रेय डोंबिवलीच्या एका तमिळ शेजारणीला. आमच्यातल्या एकीच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. ती म्हणाली, "अहो, तुमच्या राजांचं गाव ते! आम्ही बघून आलो आणि तुम्ही नाही?" हा टोमणा अगदी वर्मी लागला. भिशीचे पैसे जमत होतेच, मुलं आपापल्या पायांवर उभी होती, आणि घरच्या मंडळींना आठवडाभर स्वयंपाकघर सांभाळायची संधी मिळणार होती. जानेवारीच्या सुरुवातीचा मुहूर्त ठरला.

दिव्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्या बाईला प्रवासाचं तसं काय अप्रूप! रोज सकाळी लोकलच्या दारातून आत शिरणं हाच केवढा प्रवास. पण कल्याणला जाऊन चेन्नईच्या गाडीत पाय पसरून बसलं आणि डब्यातून तिखटमिठाच्या पुऱ्या नि लिंबाचं लोणचं बाहेर आलं, की कळतं, आपल्यासाठी म्हणून केलेला प्रवास काही वेगळाच असतो. चेन्नईपर्यंत साधारण एक दिवस लागतो. तिथं सेंट्रल स्टेशनवर उतरून एग्मोर स्टेशन गाठायचं आणि रात्रीच्या गाडीनं तंजावर. पहाटे जाग येते तेव्हा दोन्ही बाजूंना हिरवीगार भाताची शेतं, मधूनमधून केळीच्या बागा आणि कावेरीचे कालवे. आपल्या कोकणासारखंच वाटतं, फक्त डोंगर कुठे दिसत नाही. हे डोंगराचं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

अक्कानं काय दिलं, ते दगडावर

बृहदीश्वराचं देऊळ तिथं 'पेरिय कोविल', म्हणजे मोठं देऊळ, या नावानंच ओळखतात. चोळ राजा पहिला राजराज यानं ते बांधलं. इ.स. १०१० मध्ये ते पुरं झालं, म्हणजे त्याला हजार वर्षं होऊन गेली. १९८७ साली त्याची जागतिक वारशात नोंद झाली. गाभाऱ्यावरचं शिखर सुमारे २१६ फूट उंच आहे, आणि सगळं काम ग्रॅनाइटचं. आता ती डोंगराची गोष्ट आठवा. ज्या गावाच्या आसपास मैलोन् मैल नुसती भाताची शेतं, तिथं एवढा दगड आणला कुठून, कसा, आणि इतक्या उंचावर चढवला कसा? मान वर करून बघताना तोंडातून शब्द निघत नाही.

गाइड लोक सांगतील, "या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही." ऐकून घ्या आणि सोडून द्या. सावली चांगली लांबलचक पडते. आम्ही तिच्यातच बसून शेंगदाणे खाल्ले.

खरी नवलाची गोष्ट खाली, जोत्याच्या दगडांवर आहे. राजराजानं देवळाला काय काय दिलं, ते सगळं तमिळमध्ये कोरून ठेवलंय. सोनं, दागिने, भांडी, दिव्यांसाठी तूप, त्यासाठी गाई. आणि कोरायला सांगताना त्यानं आज्ञा केली, की मी दिलेलं कोरा, माझ्या अक्कानं दिलेलं कोरा, माझ्या राण्यांनी दिलेलं कोरा. ही अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण कुंदवै. तमिळमध्ये थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, आपल्यासारखंच. भावाच्या जमाखर्चात बहिणीच्या देण्याची वेगळी नोंद, तीही हजार वर्षांपूर्वी, तीही दगडावर! आपल्याकडे लग्नाच्या आहेराच्या वहीतसुद्धा सगळं घरातल्या पुरुषाच्या नावावर पडतं.

एवढंच नाही. देवळात नृत्य-सेवेसाठी आणलेल्या चारशे स्त्रियांची नोंद त्या भिंतीवर आहे. कोणती बाई कोणत्या गावच्या देवळातून आली, कोणत्या आळीत तिचं घर, आणि वर्षाला तिला किती भात मिळणार, हे सारं नावानिशी. अक्षर आम्हाला कुणालाच वाचता येत नव्हतं. तरी त्या ओळींवरून नजर फिरवताना वाटलं, इथं कुणीतरी बायकांची हजेरी लावून ठेवली आहे.

आणि मग आपली अक्षरं दिसली

दुपारनंतर प्राकाराच्या ओवऱ्यांतून फिरत होतो. इथंच सरफोजीराजांनी नव्यानं बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. भिंतीवर पुढे काहीतरी बारीक कोरलेलं दिसलं. आमच्यातल्या एकीनं चष्मा लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "अगंबाई, हे तर आपलं आहे!"

खरंच देवनागरी, आणि भाषा मराठी. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा सगळा इतिहास या भिंतीवर कोरून घेतला. 'भोसलेवंशचरित्र' म्हणून तो ओळखला जातो, आणि देशातल्या अतिशय मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. रायगडापासून इतक्या दूर, तमिळ मुलखाच्या मधोमध, भिंतीभर मराठी! चार दिवस कानावर न समजणारी भाषा पडल्यावर ही अक्षरं दिसणं म्हणजे परक्या गावात अचानक माहेरचं माणूस भेटण्यासारखं होतं.

आम्ही शब्द लावत उभ्या होतो. भाषा जुनी, संस्कृतमिश्रित. अडखळत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "तुम्ही मराठी काय?"

वळून पाहिलं तर पासष्ट-सत्तरीच्या एक बाई. नऊवारी नाही की काही नाही. साधी दाक्षिणात्य साडी, नाकात दोन्हीकडे चमक्या, केसांत मोगऱ्याचा गजरा. आम्ही त्यांना तमिळच समजलो असतो. पण मराठी बोलत होत्या. चाल तमिळ, शब्द मराठी, आणि तेही आजीच्या तोंडी ऐकलेले. "आम्हीपण मराठीच. घराण्यात साताठ पिढ्या इथंच." इथं सगळे त्यांना 'मामी' म्हणतात, तेव्हा आम्हीही मामीच म्हणू लागलो.

मग एक गंमत झाली. मामींना ती भिंत लहानपणापासून ठाऊक, पण वाचता येत नव्हती. त्यांचं शिक्षण तमिळमध्ये. मराठी फक्त बोलायची. अक्षर कधी शिकलेल्याच नाहीत. आम्हाला अक्षर येत होतं, पण जुने शब्द अडत होते. तेव्हा आमच्यातल्या एकीनं बोट ठेवून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मामी ऐकू लागल्या. आम्हाला अडलेल्या चार शब्दांपैकी दोन त्यांना घरच्या बोलण्यातून ठाऊक होते. अशा दोन अर्ध्या मराठ्या मिळून आम्ही पाच-सहा ओळी लावल्या. अंधार पडला तेव्हा मामी म्हणाल्या, "उद्या जेवायला घरी या." नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

चोळी-बांगडीसाठी बंगळूर

आता आपले लोक इथं आले कसे, ते थोडक्यात सांगते. शाळेच्या इतिहासात ही गोष्ट दोन ओळींत संपते.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी. त्यांना एकोजीही म्हणतात. शहाजीराजांबरोबर ते कर्नाटकात वाढले आणि १६७५-७६ च्या सुमारास त्यांनी तंजावरची गादी घेतली. १६७७ साली महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर आले, तेव्हा कोळ्ळिडम नदीच्या काठी दोघा भावांची भेट झाली. वडिलांच्या जहागिरीतल्या वाटणीवरून बोलणं फिसकटलं आणि व्यंकोजीराजे रातोरात निघून गेले. पुढे लढाईही झाली. भावाभावांचं भांडण आणि तेही वाटणीवरून, म्हणजे राजे झाले तरी घरोघरी मातीच्याच चुली!

हे भांडण मिटवण्यात व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांचा मोठा वाटा. नवऱ्याला समजावून त्यांनी समेटाला राजी केलं. महाराजांनी त्याची जाण ठेवली. तहात बंगळूर आणि आसपासचा मुलूख दीपाबाईंना चोळी-बांगडीसाठी म्हणून दिला. आज बंगळूरला मुलाकडे, लेकीकडे जाणाऱ्या किती मराठी आयांना हे ठाऊक असेल?

पुढे १८५५ पर्यंत, म्हणजे पावणेदोनशेहून अधिक वर्षं, भोसल्यांचं घराणं तिथं राहिलं. दरबारात तेलुगू, तमिळ, संस्कृत आणि मराठी या चारही भाषा नांदल्या. शहाजीराजांनी (व्यंकोजींचे चिरंजीव) मराठीत नाटकं लिहिली, तीही सतराव्या शतकाच्या अखेरीस.

इंद्राणीला भूगोल सांगणारी बाई

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा पाहिला. खरं सांगायचं तर वाड्याची डागडुजी सगळीकडे सारखी नाही. काही भाग रंगवून झळझळीत, काही भागांतून पिंपळ उगवलेले. पण दरबार-दालनातले रंगीत खांब, उंच मनोरे आणि कलादालनातल्या चोळांच्या काळच्या ब्राँझच्या मूर्ती यांसाठी दोन-तीन तास कमीच. तिथं सरफोजीराजांचा पांढराशुभ्र संगमरवरी पुतळा आहे. जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकारानं तो घडवला.

हे सरफोजीराजे (१७७७-१८३२) म्हणजे एक अजब माणूस. १७९९ साली कंपनी सरकारनं राज्याचा कारभार काढून घेतला. हाती किल्ला आणि नेमणूक तेवढी ठेवली. दुसरा कुणी असता तर शिकार आणि मेजवान्यांत रमला असता. यांनी पुस्तकं जमवली. नायक राजांच्या वेळचा ग्रंथसंग्रह त्यांनी एवढा वाढवला, की आज सरस्वती महाल ग्रंथालय जगात नावाजलं जातं. ताडपत्रं आणि कागद मिळून पन्नास हजारांच्या आसपास हस्तलिखितं. त्यांत मराठी तीन हजारांच्या घरात, शिवाय मोडीतली दप्तरं वेगळी. १९१८ सालापासून ते सर्वांसाठी खुलं आहे. आपल्याला आतले ग्रंथ चाळता येत नाहीत, पण लागूनच छोटं संग्रहालय आहे, ते अवश्य पाहा.

राजे डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करवीत आणि त्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवीत. त्या नोंदी आजही आहेत. त्यांनी छापखाना काढला. १८०६ साली इसापनीतीचं मराठी भाषांतर 'बाळबोध मुक्तावली' या नावानं तंजावरात छापलं गेलं. तेव्हा पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती! मुलांना कोल्ह्याची नि द्राक्षांची गोष्ट सांगताना हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मला सगळ्यात आवडली ती 'देवेंद्र कोरवंजी'. हे राजांनी मराठीत रचलेलं नाटक. कोरवंजी म्हणजे डोंगरात राहणारी, हात बघून भविष्य सांगणारी बाई. ती इंद्राणीला भेटते आणि गाण्यांतून चक्क भूगोल सांगते. पृथ्वी गोल आहे, तिच्यावर कोणते खंड, कोणते देश. दोनशे वर्षांपूर्वी जगाचा नकाशा समजावून सांगायचा, तर तो एका बाईनं दुसऱ्या बाईला सांगावा, असं त्या राजाला सुचलं. मला तर हे फार शहाणपणाचं वाटलं. घराघरांत ज्ञान पोचवायचं तर दुसरा रस्ता कोणता?

वाटसरूंसाठी जेवण, बाळासाठी दूध

रामेश्वरला जाणारे यात्रेकरू तंजावर मुलखातून जात. त्यांच्यासाठी राजांनी वाटेवर 'छत्रं' बांधली. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र एकत्र. अनेक छत्रांना राजघराण्यातल्या बायकांची नावं. ओरतनाडूचं प्रसिद्ध छत्र मुक्ताम्बाळच्या नावाचं. ही लग्नाची राणी नव्हे. सरफोजीराजांची अतिशय आवडती सखी. अकाली गेली. तिच्या आठवणीसाठी राजांनी महाल न बांधता वाटसरूंची सोय केली.

ही छत्रं कंपनीनं चालू ठेवावीत म्हणून सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं होतं. जातपात न बघता येईल त्याला जेवण मिळतं, आजाऱ्याला औषध मिळतं, बाळांना दूध मिळतं, वाटेत अडलेल्या गरोदर बाईची काळजी घेतली जाते, असं त्यात सविस्तर सांगितलं आहे. राज्य गेलं त्याचं दुःख असेलच, पण हट्ट धरला तो बाळांच्या दुधासाठी. वाड्याच्या त्या पडक्या भिंतींपेक्षा हे पत्र मला जास्त भक्कम वाटलं.

या घराण्याचा शेवटही एका बाईनं लढवला. सरफोजीराजांचे चिरंजीव शिवाजीराजे १८५५ मध्ये वारले. मुलगा नाही, म्हणून कंपनीनं राज्य खालसा केलं आणि त्याबरोबर घरातली खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाईंनी थेट मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला, आणि जिंकला! पुढे १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो निकाल फिरवला. हे सरकारचं राजकीय कृत्य आहे, कोर्टाला त्यात पडता येत नाही, असं म्हटलं. तरी १८६२ साली सरकारनं मालमत्ता विधवा राण्यांकडे परत सोपवली. पडद्यात वाढलेली विधवा साता समुद्रापारच्या कोर्टाशी भांडते, ही काय लहान गोष्ट आहे?

मामींच्या घरी

दुपारी मामींकडे गेलो. दारात पांढऱ्या पिठाचं मोठं कोलम, तांदळाच्या पिठाचं, म्हणजे मुंग्यांनाही जेवण. ठिपक्यांभोवती न तुटणारी एकच रेघ. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीची ही सख्खी बहीण.

केळीच्या पानावर भात, सांबार, रसम आलं. सांबाराबद्दल तिथं एक गोष्ट सांगतात, की शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीला आमसूल संपलं म्हणून चिंच घातली, पाहुणे होते संभाजीराजे, म्हणून त्याचं नाव 'सांबार'. पुरावा काही नाही, गोष्ट मात्र चविष्ट आहे. पण पानात पुढे जे आलं त्याला पुराव्याची गरज नव्हती. मामी म्हणाल्या, "हे डांगर." आम्ही पाचहीजणी एकदम हसलो. तेच आपलं उडदाच्या पिठाचं दह्यातलं डांगर! तमिळ शेजारणी त्याला 'डांगर पचडी' म्हणतात आणि आवडीनं करतात. पोळी तिथं 'बोळी' झाली आहे आणि वांगीभात तर नावासकट तसाच राहिला आहे.

जेवणानंतर मामींनी आपल्या सासूबाईंची पाककृतींची वही दाखवली. अक्षर तमिळ. मामींनी वाचायला सुरुवात केली तर भाषा मराठी! शाळा तमिळ, लिपी तमिळ, बाजार तमिळ, आणि चुलीपुढची भाषा मात्र मराठी. कुणी सक्ती केली नव्हती, सरकारी मदत नव्हती, मराठी शाळा नव्हती, वर्तमानपत्र नव्हतं. राज्य जाऊन पावणेदोनशे वर्षं होत आली. तरी भाषा टिकली, कारण आईनं लेकीला आणि सासूनं सुनेला त्याच भाषेत हाक मारली.

"आता पुढे?" आमच्यातल्या एकीनं विचारलं.

मामी हसल्या. म्हणाल्या, "माझ्या आईनं मला मराठीत रागावलं. मी लेकीला मराठीत रागावले. लेक तिच्या मुलीला इंग्रजीत रागावते. नात व्हिडिओवर मला 'हाय' करते. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत सांगते. समजतं तिला सगळं, बोलत नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "घरात मी एकटी बोलणारी राहिले. मी गेले की वही राहील, वाचणारं कोणी राहणार नाही."

त्या घरात त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

परतीच्या गाडीत मात्र आम्ही दुसरं काही बोललोच नाही. तुम्ही म्हणाल, तंजावरच्या मराठीचं ठीक आहे, आपल्याला इथं महाराष्ट्रात कसली काळजी? पण जरा आजूबाजूला पाहा. दिव्याला आमच्या एका इमारतीत मालवणी आहे, अहिराणी आहे, आगरी आहे, घाटावरची बोली आहे. सासूबाई दारात बसून मालवणीत हाका मारतात, नातू हिंदीत "आया आया" म्हणतो. शाळा कोणतीही असू दे. त्याबद्दल वाद घालायला हा लेख नाही, आणि ज्याला त्याला आपल्या मुलांचं भलं कळतं. मामींच्याही मुलांची शाळा कधी मराठी नव्हती. त्यांनी भाषा सांभाळली ती शाळेच्या बाहेर, पोळ्या लाटताना, वेणी घालताना, रागावताना. तेवढं तर कोणत्याही घरात होऊ शकतं.

आमच्या भिशीनं एक साधी गोष्ट ठरवली आहे. दर महिन्याला प्रत्येकीनं आपल्या आईचा किंवा सासूबाईंचा एक पदार्थ, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत वहीत लिहून आणायचा आणि घरातल्या मुलांपैकी कुणाकडून तरी तो मोठ्यानं वाचून घ्यायचा. पहिला पदार्थ अर्थातच डांगर.

डांगर पचडी : मामींच्या पद्धतीनं

उडदाची डाळ मंद आचेवर खमंग, तांबूस भाजून बारीक दळावी. घट्ट गोड दही वाटीभर घुसळून घ्यावं. त्यात दोन-तीन चमचे पीठ, मीठ आणि लागेल तसं पाणी घालून गुठळ्या मोडाव्या. तेलात मोहरी, हिंग, हिरवी मिरची यांची फोडणी करून वरून घालावी. कोथिंबीर भुरभुरावी. पीठ फुगून लगेच घट्ट होतं, म्हणून पान वाढताना ऐन वेळी कालवावं.

जाणार असाल तर

नोव्हेंबरात तिकडे पाऊस असतो आणि एप्रिल-मेमध्ये ऊन सोसवत नाही. डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. या दिवसांत पहाटे दारोदारची मोठी कोलमं बघायला मिळतात.

मोठं देऊळ सकाळी लवकर किंवा चारनंतर पाहा. दुपारी गाभारा बंद असतो आणि अनवाणी पायांना ग्रॅनाइटचे चटके बसतात. पिशवीत सुती मोज्यांचा जोड ठेवा. मराठी लेख प्राकाराच्या ओवरीत आहे. गाइड आपणहून दाखवीलच असं नाही, तेव्हा "मराठा इन्स्क्रिप्शन" म्हणून विचारा. ग्रंथालयाच्या संग्रहालयाचा सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

खरेदीला मान डोलावणारी तंजावरी बाहुली घ्या. नातवंडं खूष होतात आणि पिशवीत मावते. सोनेरी वर्खाची तंजावरी चित्रं महाग असतात. वर्ख खऱ्या सोन्याचा आहे का ते विचारून पावतीवर तसं लिहून घ्या आणि दोन-तीन दुकानं फिरल्याशिवाय पैसे काढू नका.

अर्धा दिवस हाताशी असेल तर जवळच तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी आहे. ती बांधवून घेतली बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेनं, स्वतःच्या मिळकतीतून. आणि तिथल्या उत्सवात बायकांनाही गाता यावं म्हणून तीच भांडली. वेळ उरला तर कुंभकोणमजवळचं दारासुरमचं देऊळही पाहा आणि तिथली फेसाळ कॉफी प्या.

भाषेची काळजी करू नका. हॉटेलात, दुकानांत कामापुरतं इंग्रजी आणि खुणा चालतात. आणि देवळाच्या ओवरीत आपसांत बोलताना आवाज थोडा मोठा ठेवा. कोणी सांगावं, मागून एखाद्या मामी विचारतील, "तुम्ही मराठी काय?"